रॅकेट खाली ठेवल्यावर

दिल्लीतल्या सिरी फोर्टच्या क्रीडासंकुलात, किंवा गुरुग्राम-नोएडाच्या नव्या वसाहतींमधल्या एखाद्या टेनिस कोर्टावर, आपण हिवाळ्यात सकाळी लवकर गेलात तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळेल. धुके अद्याप पुरते विरलेले नसते. कोर्टाच्या एका अंगाला आठ-दहा मुले रांगेने उभी असतात. दुसऱ्या अंगाला पस्तिशी-चाळिशीचा एक गृहस्थ उभा असतो आणि त्याच्या शेजारी चेंडूंनी भरलेली टोपली असते. टोपलीतला एकेक चेंडू उचलून तो जाळ्यापलीकडे देतो आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य उच्चारतो, ‘रॅकेट लवकर मागे ने’. तासाभरात तो हे वाक्य शंभर वेळा तरी म्हणत असेल. कुंपणाच्या जाळीबाहेर शाली पांघरलेले आईबाप थर्मासमधला चहा घेत बसलेले असतात. त्यांचे डोळे आपापल्या मुलावर खिळलेले असतात. टोपलीजवळच्या गृहस्थाकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही.

वाचकहो, या खेपेस या सदरात त्या गृहस्थाविषयी लिहावयाचे आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तोही रांगेतल्या मुलांच्याच जागी उभा होता, आणि त्याचे आईबापही असेच जाळीबाहेर बसत असत. आज रांगेत असलेल्या मुलांपैकी एखादे मूल उद्या व्यवसाय म्हणून टेनिस खेळेल. आणि जे खेळतील त्यांच्यातलेही बहुतेक केव्हा ना केव्हा त्या टोपलीजवळ येऊन उभे राहतील. आईबापांनी हा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा, कारण मूल बारा वर्षांचे असताना तो मनात येत नाही आणि ते सव्वीस वर्षांचे झाल्यावर करून फारसा उपयोग नसतो.

प्रथम पैशांचे पाहू. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालच्या व्यावसायिक स्पर्धांची पाहणी केली होती. त्या वर्षी जगभरात साडेतेरा हजारांहून अधिक स्त्रीपुरुष अशा स्पर्धा खेळले. त्यांच्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना वर्षभरात बक्षिसाची एक पैदेखील मिळाली नाही. प्रवास, मुक्काम, भोजन, रॅकेटच्या तारा इत्यादी खर्च बक्षिसाच्या रकमेतून जेमतेम भरून निघावा यासाठी पुरुषांत जगातले ३३६ वे आणि स्त्रियांत २५३ वे स्थान गाठावे लागे. आणि या खर्चात प्रशिक्षकाचे वेतन धरलेलेच नव्हते. त्यानंतर बक्षिसे थोडी वाढली, तशी विमानाची भाडीही वाढली. सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत आजही एकूण पंधरा हजार डॉलर वाटले जातात, आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्या एकेरीच्या खेळाडूच्या हाती दोनशे डॉलरही पडत नाहीत. त्या पायरीवरून वर चढण्यात खेळाडूची चार-पाच वर्षे सहज जातात. घरचा पैसा जातो, पुष्कळदा शिक्षणही जाते. मग एके दिवशी गुडघा किंवा खांदा निर्णय देतो.

हे सर्व आपणांस भिववण्याकरिता लिहीत नाही. खेळाडूचे आयुष्य तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी संपते, माणसाचे संपत नाही, एवढेच ध्यानात यावे. वकील किंवा डॉक्टर ज्या वयात मार्गी लागतो त्या वयात टेनिसपटू निवृत्त होतो. पुढची तीस वर्षे त्याने काय करावयाचे?

या प्रश्नाला आपल्याकडे कुस्तीने फार पूर्वीच उत्तर शोधले होते. कोल्हापुरातला पैलवान उतरणीला लागला की तो वस्ताद होतो. तालमीत त्याचा शब्द अखेरचा असतो, आणि नवा मुलगा त्याच्या पायाला हात लावल्याशिवाय हौद्यात उतरत नाही. दिल्लीतही गुरू हनुमानांच्या आखाड्याचा असाच लौकिक होता. त्यांना १९८७ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. टेनिसचा इतिहास निराळा आहे. हा खेळ आपल्याकडे साहेबांच्या जिमखान्यांतून आला, आणि तेथे शिकवणाऱ्या माणसाला ‘मार्कर’ म्हणत. सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळावयाचे, नवख्याला चेंडू द्यावयाचे आणि खेळ संपल्यावर अदबीने बाजूला व्हावयाचे, हे त्याचे काम. पुष्कळ मार्कर सभासदांपेक्षा कितीतरी सरस खेळत. पण त्यांची गणना नोकरांत होई. भर म्हणून नियमही असाच होता. १९६८ पर्यंत विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी राखीव होत्या, आणि शिकवण्याचे पैसे घेतले की माणूस हौशी राहत नसे. म्हणजे ज्याला शिकवून पोट भरणे भाग होते त्याला खेळता येत नसे, आणि ज्याला खेळावयाचे होते त्याने शिकवून चार पैसे मिळवणे निषिद्ध होते. १९६८ साली ही भिंत पडली. शिकवणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र तेवढ्या लवकर बदलली नाही. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. तो टेनिसच्या वाट्याला प्रथम आला २०२० साली, नरेश कुमार यांच्या रूपाने, आणि तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या पलीकडे गेले होते. १९९० साली सोळा वर्षांच्या लिअँडर पेसला डेव्हिस चषक संघात घेणारे न खेळणारे कर्णधार ते हेच. त्याच २०२० साली पुण्याचे नंदन बाळ यांना ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला. ते तरुणपणी देशासाठी डेव्हिस चषकात खेळले, आणि पुढे त्याच संघाला त्यांनी अनेक वर्षे शिकवले.

आता दिल्लीतले एक उदाहरण विस्ताराने सांगतो, कारण त्यात या वाटेची सर्व वळणे दिसतात. २००२ साली दक्षिण कोरियात बुसान येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. पुरुष दुहेरीत सुवर्णपदक पेस-भूपती यांनी जिंकले, हे पुष्कळांना आठवत असेल. त्याच स्पर्धेत दुहेरीचे कांस्यपदकही भारताच्याच एका जोडीला मिळाले होते, हे फारसे कोणाला आठवत नाही. ती जोडी होती दिल्लीचे विशाल उप्पल आणि मुस्तफा घौस यांची. दोघेही डेव्हिस चषक संघापर्यंत पोहोचलेले, गुणी आणि कष्टाळू खेळाडू; पण पेस-भूपतींचा काळ हा त्यांचाही काळ होता, आणि मोठ्या झाडाच्या सावलीत दुसऱ्या झाडाला ऊन कमीच मिळते. रॅकेट खाली ठेवल्यावर दोघांच्या वाटा भिन्न झाल्या. घौस क्रीडा-व्यवस्थापनाकडे वळले आणि पुढे त्यांनी जेएसडब्ल्यू स्पोर्ट्स या संस्थेचा कारभार सांभाळला. उप्पल दिल्लीतच राहिले आणि टोपलीजवळ जाऊन उभे राहिले.

अशी वर्षे बाहेरून फार मंद दिसतात. वर्तमानपत्रात नाव येत नाही, पदके नसतात. शिकवणारा रोज सकाळी आणि रोज सायंकाळी त्याच कोर्टावर असतो. एक पिढी मॅट्रिक होऊन निघून जाते, दुसरी येते. उप्पल यांच्या बाबतीत या वर्षांनंतर एक संधी आली. त्या वेळी फेड चषक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या सांघिक स्पर्धेसाठी त्यांची भारतीय संघाच्या कर्णधारपदी नेमणूक झाली. २०२० सालच्या मार्च महिन्यात दुबईत आशिया-ओशनिया गटाच्या लढती झाल्या. संघात अंकिता रैना होती, आपली ऋतुजा भोसले होती, दिल्लीची रिया भाटिया होती, आणि मातृत्वानंतर पुन्हा खेळू लागलेली सानिया मिर्झा होती. पाच लढतींपैकी चार भारताने जिंकल्या. चीनपुढे संघ हरला. पण उझबेकिस्तान, कोरिया, चिनी तैपेई आणि इंडोनेशिया यांना हरवून तो दुसरा आला, आणि जागतिक गटाच्या प्रवेश-लढतींत भारताला प्रथमच स्थान मिळाले. महामारीमुळे ती पुढची लढत वर्षभर लांबली. २०२१ च्या एप्रिलमध्ये लाटवियातल्या युर्माला येथे ती झाली आणि भारत १-३ असा हरला. आता बिली जीन किंग चषक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेच्या आशियाई लढती २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला झाल्या, तेव्हाही कर्णधाराच्या खुर्चीवर उप्पल होते आणि प्रशिक्षक म्हणून त्यांच्याबरोबर पुण्याच्या राधिका तुळपुळे-कानिटकर होत्या. त्यांनीही देशासाठी खेळूनच हे काम हाती घेतलेले. कोरियाविरुद्ध एकेरीचा एक सामना इकडे आणि एक तिकडे गेल्यावर दुहेरीवर सारे अवलंबून राहिले. अंकिता रैना आणि बार्शीची प्रार्थना ठोंबरे यांनी तो सामना जिंकला आणि भारत पुन्हा पुढच्या टप्प्यात गेला.

त्या खुर्चीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण दूरदर्शनवर सामना पाहताना आपले तिकडे लक्ष जात नाही. सांघिक स्पर्धेत कर्णधार कोर्टाच्या कडेला, पंचांच्या खालीच बसतो. दोन खेळांनंतर बाजू बदलताना खेळाडू नव्वद सेकंद विश्रांतीला येतो, आणि तेवढ्या वेळात कर्णधाराने बोलावयाचे असते. नव्वद सेकंदांपैकी तीस-चाळीस पाणी पिण्यात आणि घाम पुसण्यात जातात. उरलेल्यात काय सांगावयाचे? पाच चुका दिसलेल्या असल्या तरी एकच सांगावयाची, आणि तीही अशी की भेदरलेल्या मनात ती शिरेल. कोणाला रागाने बोलावे लागते, कोणाजवळ नुसते बसून टॉवेल पुढे करणे पुरते. ही विद्या खेळताना शिकता येत नाही. ती टोपलीजवळच्या त्या मंद वर्षांतच येते. इतर स्पर्धांत तर सामना चालू असताना प्रशिक्षकाने खूण करणेसुद्धा दीर्घकाळ गुन्हा होता. २०१८ साली अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला याच कारणावरून ताकीद मिळाली आणि त्यावरून केवढा गहजब झाला! कोर्टाबाहेरून सल्ला देण्याची मुभा टेनिसच्या मूळ नियमांत आली ती १ जानेवारी २०२५ पासून.

चांगला खेळाडू आपोआप चांगला शिक्षक होतो, हा आपल्याकडचा एक जुना भ्रम आहे. खरे पाहता उत्तम खेळाडूला आपण फटका कसा मारतो हे पुष्कळदा सांगताच येत नाही. सातव्या वर्षापासून अंगात मुरलेली गोष्ट शब्दांत आणणे म्हणजे आपण चालतो कसे ते सांगण्यासारखे आहे. याच्या उलट बाजूचे उदाहरणही दिल्लीतच आहे. युकी भांबरीने २००९ साली ऑस्ट्रेलियन स्पर्धेत कुमारांचे एकेरीचे विजेतेपद मिळवले. असे करणारा तो पहिला भारतीय. त्याला लहानपणापासून घडवणारे आदित्य सचदेव खेळाडू म्हणून फारसे कोणाला ठाऊक नव्हते. सिरी फोर्टच्या कोर्टांवर त्यांनी मुलांना शिकवले, आणि शिकवण्यातच नाव मिळवले. मुलासाठी शिक्षक निवडताना त्याच्या भिंतीवरचे चषक मोजण्याआधी हे आठवावे.

शिकवण्याचेही आता एक शास्त्र झाले आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रशिक्षकांसाठी पायरीपायरीचे अभ्यासक्रम आहेत आणि अखिल भारतीय टेनिस संघटनेमार्फत ते आपल्या देशात चालतात. त्यांत काय शिकवतात याची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांची रॅकेट देत आणि त्याला मोठ्यांच्या कोर्टावर उभे करीत. चेंडू डोक्यावरून उसळून जाई आणि मूल तो कसाबसा ढकली. वाकडी सवय लागे ती तेव्हाच. आता लहानग्यांसाठी लाल चेंडू असतो; तो नेहमीच्या चेंडूच्या मानाने पाऊणपट मंद, आणि त्याचे कोर्ट अवघे अकरा मीटर लांब. त्यानंतर निम्म्या वेगाचा नारिंगी चेंडू आणि अठरा मीटरचे कोर्ट. मग पाव हिश्श्याने मंद असा हिरवा चेंडू, आणि तो पूर्ण कोर्टावर. दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा याच चेंडूंनी खेळाव्यात असा नियम २०१२ सालापासून झाला आहे. कोणत्या मुलाला केव्हा पुढच्या रंगाकडे न्यावयाचे हे ओळखण्यात शिक्षकाची परीक्षा असते. बाप जाळीबाहेरून ‘याला पिवळा चेंडू केव्हा देणार?’ असे दर आठवड्याला विचारीत असतो, आणि त्याला ‘अजून नाही’ म्हणावयास थोडे धैर्य लागते, कारण महिन्याचे शुल्क त्याच बापाच्या खिशातून यावयाचे असते.

या व्यवसायाचा दिवस कसा असतो तेही पाहा. पहाटे पाच-साडेपाचला सुरुवात, साडेआठला मुले शाळेत गेली की कोर्ट रिकामे. दुपार मोकळी, म्हणजे बिनकमाईची. चार वाजता पुन्हा आरंभ, तो दिव्यांच्या उजेडात आठ-नऊपर्यंत. घरातली माणसे जेव्हा घरी असतात नेमका तेव्हा हा बाहेर. दिल्लीचा मे-जून भट्टीसारखा. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा विषारी झाली की मैदानावरचा सराव थांबतो आणि त्याबरोबर शुल्कही थांबते. कोर्टाचे भाडे मात्र थांबत नाही. ज्याला शाळेत किंवा मोठ्या संस्थेत नोकरी मिळाली त्याला महिन्याचे वेतन मिळते. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची रजा नाही. मोठ्या पदावरही फारशी शाश्वती नसते. २०१३ साली खेळाडू आणि संघटना यांच्यात वाद झाला तेव्हा डेव्हिस चषक संघाचे कर्णधार आणि प्रशिक्षक दोघेही बदलले गेले. या अस्थिरतेमुळेच एका कोर्टावर वीस-वीस मुले घेण्याचा मोह होतो. त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. पण त्यात मुलांचे नुकसान होते हेही खरे.

मुलींच्या संदर्भात हा विषय आणखी नाजूक आहे. २०१८ साली दिल्लीतच आर. के. खन्ना क्रीडागारात फेड चषकाच्या लढती झाल्या तेव्हा भारतीय संघाची न खेळणारी कर्णधार होती युकीची वडील बहीण, अंकिता भांबरी. वय एकतीस, ती स्वतः काही वर्षांपूर्वी याच संघातून खेळलेली. दुबईच्या यशाच्या वेळी ती संघाची प्रशिक्षक होती. अशी उदाहरणे आहेत, पण थोडी. दहा-बारा वर्षांच्या मुलींना बाईने शिकवावे अशी असंख्य आयांची इच्छा असते आणि शिकवणाऱ्या बायका मिळत नाहीत. म्हणजे काम आहे आणि माणसे नाहीत. याचे कारण कोर्टावर शोधून सापडणार नाही, ते घरात आहे. मुलीने चषक आणले तोवर ती घराण्याचे भूषण असते. दुखापतीने खेळ सुटला आणि ती चार मुलांना शिकवून पैसे मिळवू लागली की, ‘आता हे काय, लग्नाचे बघा’ असे नातेवाईक म्हणू लागतात. आणि घरखर्चाला तिचा हातभार लागत असेल तर ‘लेकीच्या जिवावर बसून खातो’ असा टोमणा बापाला ऐकावा लागतो. या टोमण्याने घरेच्या घरे पोखरली जातात. ज्या हाताने मुलीला पहिली रॅकेट दिली त्या हाताने अशा वेळी शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावावे आणि मुलीच्या पाठीशी उभे राहावे, असे मला स्पष्टपणे वाटते. तिने पंधरा वर्षे घाम गाळून मिळवलेली विद्या आहे ती. ती विकून ती सन्मानाने पोट भरते, यात खाली पाहण्यासारखे काय आहे?

व्यावसायिक खेळाडू होऊ पाहणारे मूल आपल्या घरी असेल तर दोन गोष्टी मात्र कराव्यात. शाळा-महाविद्यालयाचे नाव कटू देऊ नये, मग ते बाहेरून परीक्षा देऊन का होईना. आणि वीस-एकविसाव्या वर्षी, खेळ जोरात असतानाच, प्रशिक्षणाची पहिली पायरी उत्तीर्ण होण्यास सांगावे. दुखापतीच्या काळात अंथरुणावर पडून छताकडे पाहण्यापेक्षा लहान मुलांना लाल चेंडू टाकणे बरे; त्यात स्वतःचा खेळही उलगडतो. पुढे मोठ्या खेळाडूंना सराव देणारा जोडीदार, शारीरिक तयारी करून घेणारा मार्गदर्शक, शाळेतला क्रीडाशिक्षक अशा कितीतरी वाटा याच पायरीवरून फुटतात.

आणि आपले मूल अजून रांगेतच असेल, नुकतेच कोठे घालावे याचा आपण विचार करीत असाल, तर शुल्क भरण्यापूर्वी एक दिवस सकाळी जाऊन जाळीबाहेर नुसते उभे राहावे. सराव चारचौघांच्या नजरेत, मोकळ्या जागी चालतो ना, आणि पालकांना थांबू देतात ना, हे प्रथम पाहावे. नंतर घड्याळ लावून एकाच मुलावर लक्ष ठेवावे आणि तासाभरात त्याच्या वाट्याला किती चेंडू आले ते मोजावे. चाळीस आले, की दोनशे?